मे महिन्यातला समुद्र आणि सासूबाईंचं ताट

प्रश्न : पत्र इंदूरहून आलं आहे. लिहिणाऱ्या ताई पन्नाशीला आल्या आहेत. मुलीची परीक्षा आटोपली की मेच्या शेवटच्या आठवड्यात त्या, त्यांचे यजमान, मुलगी आणि ७४ वर्षांच्या सासूबाई श्रीलंकेला जाणार आहेत. घरातली ही पहिलीच परदेशवारी. यजमानांनी एका टूरवाल्याशी बोलणी केली आहेत, पैसे अजून भरलेले नाहीत. सात दिवस, सहा रात्री : कोलंबो, कँडी, नुवारा एलिया, बेंटोटा, गॉल. रोज सकाळी हॉटेलचा नाश्ता, रात्री ‘इंडियन व्हेज’ जेवण. ताईंना मनातून एवढंच हवंय की समुद्राकाठी निवांत राहावं आणि तिथली माणसं जे खातात ते खाऊन बघावं. त्या आणि सासूबाई शाकाहारी, यजमान आणि मुलगी बाहेर मासे खातात. “समुद्राकाठी सगळं माशांचंच असणार, सासूबाईंचे हाल होतील, म्हणून मी गप्प बसले. शिवाय एवढा खर्च करून एकाच जागी राहिलो तर लोक विचारतील, पाहिलंत काय? माझं म्हणणं हट्टाचं आहे का?”

उत्तर :

ताई, तुमचं म्हणणं हट्टाचं नाही. पण त्याकडे येण्याआधी तारखेबद्दल बोलू या. पत्रात ती एका ओळीत येऊन गेली आहे, आणि तुम्हाला कसला समुद्र दिसणार ते तिच्यावरच ठरणार आहे.

श्रीलंकेत पावसाळे दोन. नैऋत्येचा पाऊस साधारण मेच्या अखेरीस, केरळच्या किंचित आधी, बेंटोटा-गॉलच्या किनाऱ्यावर येतो. तिथून पुढे सप्टेंबरपर्यंत त्या बाजूचा समुद्र खवळलेला असतो. लाटा मोठ्या, पाण्याला आत खेचणारी ओढ, किनाऱ्यावर लाल बावटा. नद्यांचा गाळ मिसळल्यामुळे पाणीही मातकट दिसतं. त्याच वेळी बेटाच्या पूर्वेला, त्रिंकोमालीकडे, कडक ऊन आणि शांत पाणी असतं. याचं कारण मधले डोंगर. सगळ्यात उंच शिखर २,५२४ मीटरचं आहे. ढग अलीकडच्या उतारावर रिकामे होतात आणि पलीकडे कोरडा, गरम वारा उतरतो. सह्याद्रीच्या एका अंगाला कोकण भिजतं आणि दुसऱ्या अंगाला माणदेश कोरडा राहतो, तसंच हे.

म्हणजे टूरवाल्याने दिलेल्या आठवड्यात तुमच्या वाट्याला जो काही समुद्र आहे, तो चुकीच्या किनाऱ्यावरचा आहे. या दिवसांत त्या बाजूची हॉटेलं स्वस्त मिळतात आणि टूरचा दर बरा दिसतो, त्यात याचाही हात असतो. पाऊस दिवसभर पडतच राहील असं नाही, दोन तास ऊनही मिळेल. पण मुलीला पाण्यात उतरायचं असेल तर ते उन्हावर अवलंबून नाही, बावट्यावर आहे.

मार्ग दोन. तारीख हलवता आली तर जानेवारी-फेब्रुवारीत गॉलच्या बाजूला जा. मे कायम ठेवायचा असेल तर किनारा बदला आणि त्रिंकोमालीजवळच्या उप्पुवेली किंवा निलावेलीला राहा. मुलीची परीक्षा पाहता तुमच्यासाठी दुसराच मार्ग सोयीचा. आणि खरं सांगायचं तर सासूबाईंसाठीही तोच बरा, कारण तो तमिळ मुलूख आहे.

आता सासूबाईंकडे येऊ. तुमचं पत्र दोनदा वाचलं. त्यांचे हाल होतील असं तुम्ही म्हणता, यजमानही तसंच धरून चालले आहेत. पण त्या स्वतः काय म्हणाल्या, हे पत्रात कुठेच नाही. त्यांना विचारलंय का? ‘तुम्हाला तिथलं जेवण चालेल का’ असं मोघम विचारलं तर कोणतीही सासू ‘माझं काय, मी दहीभात खाईन’ म्हणून विषय संपवते. विचारायचं ते नेमकं विचारा. ताटात मासा नको, एवढंच आहे का? की पदार्थात माशाचा अंशही नको? की ज्या तव्यावर, ज्या कढईत मासे शिजतात तीसुद्धा नको? कांदा-लसूण रोज चालतं की ठरावीक दिवशी नाही? या प्रत्येक उत्तराची व्यवस्था वेगळी आहे. पहिलं असेल तर फारसं काहीच करावं लागत नाही. दुसरं असेल तर एक चिठ्ठी आणि थोडी माहिती पुरते. तिसरं असेल तर शुद्ध शाकाहारी खाणावळ किंवा स्वयंपाकाची सोय असलेली खोली लागते. न विचारता आपण तिसरंच गृहीत धरतो आणि मग सगळ्यांचंच खाणं एका बफेवर येऊन थांबतं.

त्या ‘इंडियन व्हेज’ बफेबद्दलही थोडं सांगायला हवं. पर्यटकांच्या हॉटेलात एकाच स्वयंपाकघरात सगळं शिजतं, आणि परदेशी हॉटेलातलं पनीर बटर मसाला सासूबाईंच्या पोटाला इडलीपेक्षा हलकं पडेल असं मानायला काही आधार नाही. त्रिंकोमालीत मात्र ‘सैव’ अशी पाटी असलेल्या खाणावळी आहेत. सैव म्हणजे शैव, म्हणजे तिथल्या बोलीत शुद्ध शाकाहारी. इडली, डोसा, उडीदवडे, इडिआप्पम आणि त्यावर सोधी, म्हणजे हळद घातलेलं नारळाच्या दुधाचं सौम्य, पातळ कालवण. तिसऱ्या प्रकारचं उत्तर आलं तरी सासूबाईंचं दोन वेळचं जेवण इथे निभावतं.

इडिआप्पम बघून त्यांना घरचंच काहीतरी आठवेल. तांदळाचं पीठ कढत पाण्यात मळायचं, सोऱ्यातून वेताच्या छोट्या चटयांवर गोल गोल पाडायचं आणि एकावर एक रचून वाफवायचं. कोकणातल्या शिरवाळ्यांचं हे सख्खं भावंड, फक्त इथे गूळ-नारळाच्या रसाऐवजी तिखट कालवणाबरोबर खातात. सिंहली बाजूला यालाच इंदिआप्प म्हणतात. नुसता ‘आप्प’ म्हणजे वेगळा पदार्थ. आंबवलेलं तांदळाचं पीठ नारळाच्या दुधात सैल करून छोट्या खोलगट कढईत ओततात, कढई फिरवतात आणि झाकतात. कडेला जाळीदार कुरकुरीत पापुद्रा, मध्ये मऊ गादी. तो कढईतून उतरल्यावर पाच मिनिटांत खायचा, नंतर कडा वातड होतात. म्हणून बफेत झाकून ठेवलेल्या आप्पावरून आप्पाची परीक्षा करू नका. गाडीसमोर उभं राहा, एकेक मागून घ्या. ‘बित्तर आप्प’ म्हणजे त्यात अंडं फोडलेलं असतं, एवढं ध्यानात ठेवा.

खाण्याच्या वेळा हाही मोठा मुद्दा आहे, आणि तो इंदूरकरांना समजावून सांगायला नकोच. रात्री खाऊगल्ली होणाऱ्या सराफ्यात सकाळी अकराला गेलं तर सोन्याचांदीची दुकानं दिसतात आणि रात्री नऊला पोहे मागितले तर त्यात मजा नसते. श्रीलंकेतही तसंच. भात आणि त्याभोवती चार-पाच कालवणं हे खरं जेवण दुपारचं. सकाळीच शिजतं, बारा ते दीडच्या दरम्यान उत्तम असतं, तीननंतर उरलंसुरलं मिळतं. आप्प, इंदिआप्प सकाळी किंवा संध्याकाळी. तुमच्या टूरच्या कार्यक्रमात दुपारी बस चालू आहे आणि रात्री बफे आहे, म्हणजे देशाचं मुख्य जेवण सातही दिवस चुकतंय. खिडकीतून बघत जाणार तुम्ही.

त्या दुपारच्या ताटात शाकाहारी माणसासाठी भरपूर काही असतं. परिप्पु, म्हणजे नारळाच्या दुधातली मसूरडाळ. पोलोस, म्हणजे कोवळ्या फणसाच्या फोडी काळसर मसाल्यात तासन्‌तास शिजवलेल्या. मल्लुम, म्हणजे बारीक चिरलेला पाला आणि ओलं खोबरं, क्षणभर परतलेलं. बीट, भोपळा, चवळीच्या शेंगा, कच्ची केळी. गोडाला म्हशीच्या दुधाचं घट्ट कवडीदार दही मातीच्या मडक्यात येतं, त्यावर कितुल माडाच्या रसाची काकवी ओततात. कितुल म्हणजे आपल्याकडचा भेर्ली माड. दह्यावर प्रेम करणाऱ्या इंदूरकरांनी ते मडकं चुकवू नये.

पण या ताटात एक मेख आहे आणि ती कोणी आपणहून सांगत नाही. तिचं नाव उंबलकड. कुप्याच्या, म्हणजे टूनाच्या, जातीचा मासा उकडून, धुरावून, उन्हात लाकडासारखा टणक होईपर्यंत वाळवतात आणि कुटून चिमूट-चिमूट पदार्थात घालतात. तिथल्या लोकांच्या लेखी तो मासा नाहीच, चवीचा मसाला आहे, आपण आमटीत गोडा मसाला घालतो तसा. त्यामुळे ‘शाकाहारी आहे ना?’ विचारलं की मान प्रामाणिकपणे ‘हो’ म्हणूनच हलते. सगळ्यात जास्त तो पोल सांबोलात असतो. ओलं खोबरं, लाल मिरची, छोटे कांदे, लिंबू यांची ही चटणी दिसायला आपल्या खोबऱ्याच्या चटणीची बहीण. मल्लुमात, वांग्याच्या परतलेल्या भाजीत, मिरची-कांद्याच्या ठेच्यात आणि क्वचित डाळीच्या फोडणीतही तो असू शकतो. म्हणून ‘व्हेज’ शब्दावर थांबू नका, त्याचं नाव घेऊन विचारा.

एक चिठ्ठी करून चौघांच्या फोनमध्ये ठेवा. सिंहली बोलणारा असेल तर : मस्, माळु, उंबलकड, बित्तर नॅतुव. मटण-मांस, मासे, उंबलकड, अंडं यांच्याशिवाय, असा अर्थ. तमिळ बोलणारा असेल तर : सैवम्. मीन, करुवाडु, मासि, मुट्टै वेण्डाम्. यातलं करुवाडु म्हणजे सुका मासा आणि मासि म्हणजे तेच उंबलकड. राहत्या ठिकाणच्या माणसाकडून हेच त्यांच्या लिपीत लिहून घेतलं तर आणखी चांगलं, स्वयंपाकघरात थेट दाखवता येतं.

फराळाच्या बशीतही जपून. चहाच्या दुकानात मिश्र पदार्थांची बशी समोर ठेवतात, खाल त्याचेच पैसे. त्रिकोणी पाव बहुतेक वेळा माळु पान, म्हणजे माशाचं सारण भरलेला. डाळवड्यावर वर कोळंबी चिकटवलेली असेल तर तो इस्सो वडे, साधा असेल तर परिप्पु वडे. आणि कोत्तु, म्हणजे दोन पात्यांनी टकटक करत तव्यावर चिरलेली रोटी, ‘व्हेज’ मागितली तरी तवा आणि पाती चिकनचीच असतात. सासूबाईंचं उत्तर तिसऱ्या प्रकारचं असेल तर ते सोडा.

सगळ्यात चांगला उपाय वेगळाच आहे, आणि दोन किंवा अधिक रात्री एका जागी राहिल्याशिवाय तो जमत नाही. छोट्या घरगुती अतिथिगृहात उतरा आणि आदल्या संध्याकाळी सहाच्या आत मालकीणबाईंना सांगा : उद्या दुपारी चार पानं, दोन पूर्ण शाकाहारी, उंबलकड नको, तिखट बेताचं. त्या सकाळी बाजारात जातील, नारळ खवतील, आणि तुम्हाला वाटलं तर शेजारी उभं राहून बघूही देतील. नारळाचं जाड दूध शेवटी घालून फार उकळू नये, नाहीतर फुटतं, हे तुम्हाला तिथे समोर बघायला मिळेल. पहिल्या दिवशी भाजी तिखट लागली तर दुसऱ्या दिवशी सांगता येतं. रोज हॉटेल बदलणाऱ्याला ही दुसऱ्या दिवसाची सोयच नसते.

घरून काय न्यावं? बॅगभर नको. अर्धा किलो पातळ पोहे, मेतकूट, कोरडी चटणी, एक पुडा खाकरा आणि तयार उपम्याचं मिश्रण एवढं पुरे. मिश्रणासाठी दोन वाट्या रवा दोन मोठे चमचे तेलावर मोहरी, हिंग, कढीपत्त्याची फोडणी करून मंद आचेवर खमंग भाजा, त्यात एक चहाचा चमचा मीठ, तेवढीच साखर घाला. पूर्ण गार झाल्यावरच पिशवीत भरा, कोमट भरलं तर वाफेने गोळे होतात. खायच्या वेळी झाकणाच्या डब्यात एक वाटी मिश्रणावर दोन वाट्या उकळतं पाणी ओतून आठ मिनिटं झाकून ठेवा. हे केटलमध्येच शिजवायला जाऊ नका, रवा तळाला लागून केटल जळते. तीन चौकोनी पिनांचा अडॅप्टर लागेल. लोणचं न्यायचं तर घट्ट डबीत, चेक-इन बॅगेत. सुकं खोबरं ज्वलनशील मानतात, ते बॅगेत घालू नका. आणि तिथे नारळाला तोटा नाही.

आता यजमान आणि मुलगी. तुम्ही खात नाही म्हणून त्यांनी चोरून खावं असं नाही, आणि दोघांनाही मासे ताजे कसे ओळखायचे हे इंदुरात राहून फारसं शिकायला मिळत नाही. किनाऱ्यावरच्या खानावळी बर्फावर मासे मांडून ठेवतात. डोळे फुगीर आणि स्वच्छ हवेत, खोल गेलेले-धुरकट नकोत. कल्ले उचलून दाखवायला सांगा, लालभडक हवेत, तपकिरी नकोत. बोटाने दाबल्यावर खळगा भरून यायला हवा. थोरा म्हणजे सुरमई, केलवल्ला म्हणजे कुपा, इस्सो कोळंबी, दल्लो माकुळ. भाव शंभर ग्रॅमचा आहे की किलोचा, वजन साफ करण्याआधीचं की नंतरचं, आणि १० टक्के सेवाशुल्क त्यात धरलंय की वरून लागेल, या तीन गोष्टी तळणीला जाण्याआधी विचारा. समोर वजन करून आकडा कागदावर घ्या. बिलावरून होणारी बहुतेक भांडणं इथेच टळतात.

एक धोका मात्र वासाने कळत नाही. कुपा, बांगडा, सुरमई हे मासे पकडल्यावर लगेच बर्फात गेले नाहीत तर त्यांच्यात हिस्टामीन नावाचं, ॲलर्जीसारखा त्रास देणारं द्रव्य तयार होतं, आणि ते शिजवल्याने जात नाही. घास कधीकधी तिखटजाळ, जिभेला मुंग्या आल्यासारखा लागतो. थोड्याच वेळात चेहरा लाल, डोकं ठणकतं, अंगावर गांधी येतात. असा घास लागला की तिथेच थांबायचं. ॲलर्जीची गोळी तुमच्या डॉक्टरांना विचारून औषधांच्या पिशवीत ठेवा. श्वासाला त्रास झाला तर गोळीवर विसंबू नका, थेट दवाखाना गाठा.

आता तुमचा खरा प्रश्न. एका जागी राहून पाहायचं काय? उप्पुवेलीचा एक दिवस सांगतो, म्हणजे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

हा किनारा पूर्वेकडे तोंड करून आहे. इथे सूर्य समुद्रातून उगवतो आणि पाठीमागे जमिनीवर मावळतो. सूर्यास्ताच्या फोटोसाठी संध्याकाळी वाळूवर जाऊन बसलात तर निराशा होईल. मेच्या अखेरीस सूर्योदय पावणेसहाच्या सुमारास. घड्याळ बदलायचं नसतं, वेळ आपलीच आहे. साडेपाचला वाळूवर असा. पाणी आधी शिशासारखं, मग तांब्यासारखं, आणि सूर्य वर आला की दहा-पंधरा मिनिटांत निळं होऊ लागतं. त्याच सुमाराला किंवा जरा उशिराने कुठे तरी रापण ओढणं चालू असतं. कोकणात जी रापण, तीच इथली मादॅल. होडीने अर्धगोलात टाकलेलं लांबलचक जाळं, त्याच्या दोन टोकांना किनाऱ्यावर माणसांच्या दोन रांगा. टाचा वाळूत रुतवून, एका लयीत ओरडत ते मागे मागे सरकतात. शेवटचा माणूस दोर सोडतो, चालत पुढे येतो आणि पाण्याजवळ परत धरतो. तासाभराने जाळ्याचा खोळ वाळूवर येतो. आत चांदीसारखी वळवळ, वरून कावळे, बाजूला टोपल्या घेऊन बायका. मोठे मासे एकीकडे, बारीक एकीकडे, सुकवायचे तिसरीकडे. यजमानांनी दुपारी काय खायचं ते इथेच ठरवावं. दोराच्या आत उभं राहायचं नाही, फोटो विचारून काढायचे, आणि ते कामावर आहेत हे मुलीला आधी सांगून ठेवायचं.

साडेदहा ते चार वाळूवर काही नाही. सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि वाळूचीही झळ लागते. जेवण, झोप, वाचन. वाटेत थंबिली घ्या, ते नारिंगी शहाळं. घामाने मीठही जातं, म्हणून सासूबाईंसाठी ओआरएसच्या पुड्या ठेवा, पण रक्तदाबाची औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारून. त्यांच्या रोजच्या गोळ्या हातातल्या बॅगेत, चिठ्ठीसकट. संध्याकाळी डासांसाठी क्रीम लावा, तिथे डेंग्यू असतो.

चारनंतर रिक्षाने त्रिंकोमाली गावात जा, पाच-सहा किलोमीटर आहे. फ्रेडरिक किल्ल्याच्या दारातून आत शिरलं की हरणं रस्त्याच्या कडेला चरताना दिसतात, आणि टेकडीच्या टोकावर कोणेश्वराचं देऊळ. शंकराचं हे प्राचीन क्षेत्र पोर्तुगिजांनी सतराव्या शतकात उद्ध्वस्त केलं होतं, आजचं देऊळ त्याच कड्यावर पुन्हा उभं राहिलेलं. कड्यावरून खाली सरळ समुद्र. वाहन बरंच वरपर्यंत जातं, तरी शेवटचा चढ आहे, सासूबाईंना हात द्या. दुपारी फरशी पायाला चटके देते म्हणून संध्याकाळ निवडायची. पूजेच्या घंटा चालू असताना खालून लाटांचा आवाज येतो. ज्या सासूबाईंचे हाल होतील अशी तुम्हाला काळजी आहे, त्यांना तिथून उठवणं तुम्हाला जड जाईल.

मुलीसाठी एक सकाळ पिजन आयलंडला. निलावेलीसमोर साधारण किलोमीटरभर आत हे छोटं बेट आहे, २००३ पासून राष्ट्रीय उद्यान. मुखवटा लावून उथळ पाण्यात प्रवाळ आणि रंगीत मासे बघता येतात, नशिबात असतील तर काळ्या टोकाच्या पंखांचे लहान शार्कही. जितक्या लवकर जाल तितकी गर्दी कमी आणि पाणी नितळ. लाइफ जॅकेट अंगात घातल्याशिवाय बोट हलू द्यायची नाही. प्रवाळावर पाय टेकवायचा नाही, ते जिवंत असतं आणि धारदारही, जखम लवकर भरत नाही. उन्हाने पाठ भाजते, म्हणून पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घाला. सासूबाईंना या बोटीत नेऊ नका, चढ-उतार पाण्यातून करावी लागते.

जानेवारी-फेब्रुवारीत जाणाऱ्या इतर वाचकांसाठी थोडक्यात. गॉलला राहा आणि कोलंबोहून रेल्वेने जा, उजव्या बाजूला बसा, समुद्र त्या बाजूला रुळांना लागून येतो. गॉलच्या किल्ल्याची सुरुवात पोर्तुगिजांनी १५८८ मध्ये केली, मोठा तट डचांचा. संध्याकाळी पश्चिमेच्या तटावर चाला, सूर्यास्त सहा-सव्वासहाच्या आसपास. तटाला कित्येक ठिकाणी कठडा नाही, वडीलधाऱ्यांना आतल्या बाजूने चालवा. मासे खाणाऱ्यांनी तिथे अंबुल थियल मागावं. कुप्याच्या फोडी गोरक्याच्या आंबट लेपात मडक्यात सुक्या शिजवतात. गोरका म्हणजे आपल्या कोकमाचाच चुलतभाऊ.

राहिले यजमान. त्यांना टूर हवी आहे म्हणजे पाच गावं हवी आहेत असं तुम्ही धरलं आहे. मला तसं वाटत नाही. पहिलीच परदेशवारी, सोबत आई, त्यांना बहुधा धांदल नको आहे. कुठे उतरायचं, गाडी कोण आणणार, आईला काही झालं तर कोणाला फोन करायचा, याची काळजी त्यांना आहे. ती काळजी टूरशिवायही मिटते. श्रीलंकेत चालकासह गाडी सगळ्या दिवसांसाठी ठरवता येते. चालकाच्या राहण्या-जेवणाचा खर्च, टोल, पेट्रोल आणि रोजची किलोमीटरची मर्यादा भाड्यात आहे का, हे लेखी घ्या.

सहा रात्रींची मांडणी अशी करता येईल. पहिली रात्र विमानतळाजवळ नेगोम्बोला. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर निघून, दुपारचं जेवण दंबुल्लात करून संध्याकाळी उप्पुवेली. रस्ता सहा तासांचा धरा, थांबे वेगळे. चार रात्री तिथेच. परतताना एक रात्र दंबुल्लात, लेणी सकाळी बघायची. पायऱ्या बऱ्याच आहेत, सासूबाईंना जमेल तेवढंच. परतीचं विमान सकाळचं असेल तर ही रात्रही नेगोम्बोलाच काढा. प्रवासपरवान्याचे नियम आणि शुल्क बदलत असतात, तिकीट काढण्याच्या दिवशी सरकारी संकेतस्थळावर बघा. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त उरलेली असू द्या. आणि तारखा ठरवताना वैशाख पौर्णिमा कधी आहे ते कालनिर्णयात पाहा. तिथे त्या दिवशी वेसाकचा मोठा सण असतो. घरोघरी कागदी कंदील, रस्त्यावर फुकट अन्नदानाचे मांडव. पाहण्यासारखं आहे, पण वाहतूक तुंबते आणि खोल्या आधीच भरतात. मांस आणि दारूची विक्रीही बंद असते.

लोक ‘काय पाहिलं’ विचारतील, तर त्यांना रापणीचं सांगा. एवढं वर्णन ऐकल्यावर कोणी कँडीबद्दल विचारत नाही.

टूरवाल्याला लगेच नाही म्हणायची गरज नाही. काही जण मार्ग बदलून देतात. यजमानांना सोबत बसवून त्याला एकच प्रश्न मेसेजमध्ये लिहून पाठवा : मेच्या शेवटच्या आठवड्यात बेंटोटाला समुद्रात उतरता येतं का, आणि येत नसेल तर तिथल्या रात्री त्याच पैशात त्रिंकोमालीला देता का? त्याचं उत्तर येईपर्यंत आगाऊ रक्कम भरू नका, आणि तोवर सासूबाईंना खाण्याबद्दलचे ते नेमके प्रश्न विचारून ठेवा.